बहात्तर तासांचं निरीक्षण

“पट्टा बांधल्याबिगर हात लावायचा न्हाई म्हनालासा. बांधला. आता तरी काढू का भाईर?”

शिंगटे तात्यांनी मनगट पुढे करून मला पट्टा दाखवला. अंगातली स्थिर वीज कार्डाला लागू नये म्हणून तो बांधायचा. पट्ट्याची वायर रॅकच्या अर्थिंगला नीट अडकवली आहे ना, हे मी वाकून पाहिलं आणि मगच म्हटलं, “काढा.”

चंदेरी पिशवीतून कार्ड बाहेर आलं. हातभर लांब, हिरवं, चोवीस लाइनींचं. मोरखिंडच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये वेगवान इंटरनेटचं तोवर एकच कार्ड होतं आणि ते केव्हाच भरलं होतं. लाइनीसाठी थांबलेल्यांची यादी एकसष्टवर गेली होती. आठ महिने मी जिल्ह्याच्या ऑफिसला पत्रांमागून पत्रं पाठवत होते. अखेर एका मंगळवारी दुपारी जीपमधून हे खोकं आलं. तेव्हा मी सव्वीस वर्षांची होते, एक्स्चेंजची प्रमुख होते, आणि माझ्या हाताखालची सगळी माणसं माझ्या वडिलांच्या वयाची होती. त्यामुळे माझा आवाज गरजेपेक्षा नेहमी थोडा चढाच असायचा.

“सावकाश. रुळावर बसलं? आता ढकला. दोन्ही कळा एकदम दाबा.”

कार्ड तिसऱ्या खाचेत खट्कन बसलं. पुढचा दिवा लाल झाला, मग पिवळा होऊन लुकलुकायला लागला. आम्ही दोघं श्वास रोखून उभे. अडीच मिनिटांनी दिवा हिरवा झाला.

“मोकळी झाली बगा बाळंतीण,” तात्या म्हणाले आणि स्वतःच हसले.

त्यांच्या घरी खरंच बाळंतीण होती. सून रोहिणी. तिला आई नव्हती, म्हणून पहिलं बाळंतपण असूनही ती माहेरी न जाता सासरीच राहिली होती. मुलगी झाली त्याला आठ दिवस झाले होते. तात्यांनी त्या दिवशी एक्स्चेंजमध्ये पेढे वाटले तेव्हा वॉचमनने “मुलगी ना? मग बर्फी वाटायची,” असं म्हटलं, तर तात्यांनी त्याच्या हातातला पेढा काढून घेतला होता.

मी संगणकावर कार्डाची नोंद केली. पडद्यावर चोवीस चौकोन उमटले. चोवीस पोर्ट, म्हणजे चोवीस घरांची चोवीस दारं. पहिल्या दोन पोर्टांवर मी खोलीतलीच दोन मोडेम चाचणीसाठी जोडली. ते दोन चौकोन हिरवे झाले, बाकीचे करडे राहिले. मग नवं रजिस्टर काढून रकाने आखले. वेळ, कार्डाचं तापमान, चालू पोर्ट, चुका.

“आता किती येळ बगायचं?” तात्यांनी विचारलं.

“बहात्तर तास. शुक्रवारी चार वाजता पूर्ण होतील. तोवर या कार्डावर एकही गिऱ्हाईक जोडायचं नाही.”

“शुक्रवार,” तात्या म्हणाले. पट्टा सोडायचं त्यांच्या लक्षात राहिलं नाही. वायरीला बांधलेल्या हातानेच त्यांनी टोपी काढली. “मॅडम, गुरुवारी जमंल का? माज्यापुरती?”

मग त्यांनी सांगितलं. त्यांचा मुलगा हणमंत फौजेत होता आणि शांतिसेनेबरोबर आफ्रिकेत गेला होता. घरच्या फोनवर महिन्यातून एकदोनदा त्याचा आवाज ऐकू यायचा. पण तिथल्या छावणीत आता कॅमेरा लावलेला संगणक आला होता. एका जवानाला महिन्यातून एकदाच, पंधरा मिनिटं, नंबराने. हणमंतचा नंबर गुरुवारी होता, आपल्याकडचे दुपारचे तीन.

“पोरीचं तोंड बगायचं म्हनतोय. हायस्कूलचं गुरुजी त्येंचा संगणक द्यायला तयार हायती, क्यामेऱ्यासकट. निस्ती लाइन पायजे.”

“बाजारपेठेत कॅफे आहे ना.”

“सव्वा म्हैन्याच्या आत बाळंतीण उंबरा वलांडती व्हय, मॅडम?”

“मग फोटो पाठवा.”

“आमची मंडळी बारशाआदी फोटू काढू देत न्हाई. दृष्ट लागती म्हनती. बापानं बगायचं म्हनल्यावर तेवडी तयार झाली, त्ये बी तीट लावूनच.”

मी यादी काढली. तात्यांचं नाव अकरावं होतं. कार्डावर चोवीस लाइनी, म्हणजे शनिवारी त्यांना रीतसर लाइन मिळणारच होती. मी त्यांना तसं सांगितलं.

“शनवारी त्येचा नंबर नसतोय,” तात्या हळूच म्हणाले.

मी का नाही म्हटलं, ते सांगते. आदल्या वर्षी दुसऱ्या एका गावात असंच कार्ड बसवलं होतं आणि लोकांच्या आग्रहाला भुलून त्याच दिवशी लाइनी दिल्या होत्या. तिसऱ्या दिवशी ते तापून बंद पडलं, चोवीस घरांनी आठवडाभर माझा उद्धार केला आणि वर मला लेखी मेमो मिळाला. दुधाने तोंड पोळलं होतं, आता मी ताकही फुंकून पीत होते. पण खरं कारण त्याहून जुनं होतं. भंडाऱ्याला आमच्या घरी फोन लागायला नऊ वर्षं लागली होती. माझे बाबा शाळेत शिपाई होते. ते दर महिन्याला ऑफिसात जाऊन यादीतला आपला नंबर विचारत आणि घरी येऊन सांगत, “अजून एकोणतीस माणसं पुढे आहेत.” पुढच्या महिन्यात तीच माणसं चौतीस झालेली असत. मागचे लोक पुढे जात होते, आम्ही मेश्राम तिथेच होतो. नोकरी लागली त्या दिवशी मी ठरवलं होतं, माझ्या हातात यादी आली तर तिच्यात कुणीही कुणाला ओलांडणार नाही.

“तात्या, तुम्हाला दिली तर उद्या चेअरमनला काय सांगू?”

माळवाडीतल्या दूधसंघाचे चेअरमन रोज फोन करून लाइन मागत होते. त्यांचं नाव यादीत बावन्नावं होतं.

“व्हय. त्ये बी खरंच,” तात्या म्हणाले. त्यांनी पट्टा सोडला, गुंडाळला आणि जागेवर ठेवला. पुन्हा तो विषय काढला नाही.

बुधवार सरळ गेला. मी दर दोन तासांनी, रात्रीसुद्धा उठून, रजिस्टरमध्ये आकडे लिहीत होते. तापमान एकतीस, बत्तीस, एकतीस. चालू पोर्ट दोन. चुका शून्य. गुरुवारी तात्यांनी अर्ध्या दिवसाची रजा टाकली. मी सही केली. हणमंतशी निदान फोनवर तरी बोलणं होईल, असं मनात आलं आणि बरं वाटलं.

गुरुवारी तीन वाजता, चारचे आकडे घ्यायच्या आधी, सहज डोकावले, तर पडद्यावर तीन चौकोन हिरवे होते.

पहिला, दुसरा आणि सतरावा.

आधी मला वाटलं, कार्डातच काही बिघाड आहे. मग सतरा नंबर उघडून पाहिला. बिघाड नव्हता. लाइन उत्तम होती आणि तिच्यावरून माहिती धो धो वाहत होती, दोन्ही बाजूंनी. कुणीतरी गावातून आलेल्या तारेचं टोक माझ्या कार्डावर आणून जोडलं होतं. चाचणीसाठीचं नाव आणि परवलीचा शब्द मीच फळ्यावर लिहून ठेवले होते. खोक्यातल्या मोडेमपैकी एखादं उचलणं काही अवघड नव्हतं. जोडलं होतं ते आमच्यापैकीच कुणीतरी.

माझं डोकं भणभणलं. तारेत वाटेत किती जोर गळतो यावरून घर किती लांब आहे ते काढता येतं. मी काढलं. दोन किलोमीटर. एक्स्चेंजपासून दोन किलोमीटरवर माळवाडी. म्हणजे चेअरमन! बावन्न नंबरचा माणूस मागच्या दाराने आत आला होता, आणि माझ्याच एखाद्या माणसाने त्याला दार उघडून दिलं होतं.

माळवाडीत तात्यांचंही घर होतं.

ते त्या वेळी माझ्या मनातच आलं नाही, असं मी स्वतःला पुष्कळ वर्षं सांगत आले. आलं होतं. ओझरतं का होईना, आलं होतं. गावातल्या तारा येतात त्या फ्रेमवर जाऊन ती तार कुणाच्या घरची आहे ते बघायला तीन मिनिटं लागली असती. टेबलावर फोन होता आणि तात्यांचा नंबर मला पाठ होता. पण मला वाटलं, चेअरमन असेल तर बंद करायलाच हवं. आणि तात्या असतील तर आधी बंद करायला हवं, कारण सगळ्या एक्स्चेंजमध्ये मी एका त्यांच्यावरच डोळे मिटून विश्वास टाकला होता.

मी सतराव्या चौकोनावर गेले आणि कुलूप लावलं. चौकोन लाल झाला. रजिस्टरमध्ये लिहिलं, “१५.०६. पोर्ट १७ वर अनधिकृत लाइन. बंद केली.” खाली सही केली. मला तेव्हा फार बरं वाटलं होतं. बाबांना फोन करून सांगावं, इतकं बरं.

साडेतीनच्या सुमाराला बाहेर सायकल आपटल्याचा आवाज आला. तात्या आत आले. डोक्यावर टोपी नव्हती, सदरा घामाने अंगाला चिकटला होता. माझ्याकडे न बघता ते फ्रेमपाशी गेले. गावातल्या सगळ्या तारा ज्या लोखंडी चौकटीवर येतात, तिच्या मागच्या बाजूने त्यांनी बरोबर एक वायर बोटांनी पकडली आणि दोन्ही टोकांनी उपटून काढली. ती गुंडाळून माझ्या टेबलावर ठेवली.

“माजी हाय,” ते म्हणाले.

“तात्या, निदान तुमच्याकडून तरी ही अपेक्षा नव्हती.”

“व्हय.”

“मला सांगायचं तरी!”

“सांगितलं हुतं की, मॅडम.”

 तात्यांनी कोपऱ्यातल्या माठातलं पाणी घेतलं, पण प्यायले नाहीत. पेला तसाच हातात धरून उभे राहिले.

“पाहिलं का त्याने बाळाला?” मी विचारलं.

“आमाला बगितलं. त्येच्या आयेला बगितलं, रोहिणीला बगितलं. पोरीचं तोंड तेवडं ऱ्हायलं.” त्यांनी पेला माठावर ठेवला. “पुढल्या म्हैन्यात हाय परत नंबर.”

“तोवर तुमची लाइन रीतसर झालेली असेल. मी स्वतः जोडते.”

“जोडा,” ते म्हणाले. “रजिस्टरात काय लिवलंय त्ये लिवलंय, मॅडम. खोडू नगा. माजं नाव टाकायचं आसंल तर टाका.”

मी नाव टाकलं नाही. तेवढाच मोठेपणा मला सुचला. शुक्रवारी चार वाजता बहात्तर तास पूर्ण झाले. छत्तीस वेळा आकडे घेतले होते आणि चुकांच्या रकान्यात छत्तीसही वेळा शून्य होतं. शनिवारी मी आणि तात्यांनी मिळून चोवीस घरं जोडली. अकराव्या नंबराला तात्यांचं घर जोडलं. चेअरमनना आणखी सात महिने थांबावं लागलं.

हणमंत पुढच्या महिन्याच्या नंबराआधी गेला. गुरुवारनंतर बाराव्या दिवशी. लढाईत नाही, कशात नाही. पावसाने खचलेल्या रस्त्यावरून त्यांचा ट्रक दरीत गेला. रेजिमेंटची माणसं माळवाडीत आली तेव्हा तात्या एक्स्चेंजमध्ये खांबावरच्या तारा जोडायचा डबा साफ करत बसले होते. वॉचमनने त्यांना घरी नेलं. डबा उघडाच राहिला होता, तो मी बंद करून ठेवला.

पेटी यायला आणखी आठ दिवस लागले. ती उघडायची नाही, असं वरून सांगितलं होतं. सगळं गाव लोटलं होतं. बंदुका झडल्या तेव्हा बाळ दचकून रडायला लागलं. रोहिणीने ते पेटीजवळ नेलं आणि नुसतीच उभी राहिली, कारण पेटीला तोंड कुठल्या बाजूला आहे ते तिला कळत नव्हतं. मी गर्दीच्या मागे होते. मला अजून ते दिसतं.

दोन दिवसांनी मी त्यांच्या घरी भेटायला गेले. त्या आधी जायचा धीर झाला नव्हता. तात्यांची बायको सोनाकाकू भिंतीला टेकून बसल्या होत्या, भोवती आयाबाया. शेजारणीने माझ्या हातात कोऱ्या चहाचा कप दिला. मला बघून काकूंनी डोळ्यांना पदर लावला.

“या मॅडम. तुमी त्या दिशी लाइन दिलीसा, आन् आमचं नशीब बगा.”

मी कप घेऊन त्यांच्यासमोर टेकले. 

“माज्यामुळं झालं, मॅडम,” काकू म्हणाल्या.

“अगं, तुज्यामुळं काय?” तात्या दारात उभे होते, ते घाईने म्हणाले. “किती डाव सांगितलं. तिकडनंच तुटलं.”

“तिकडनं तुटलं, पर कवा तुटलं?” काकू माझ्याकडे वळल्या. “पडद्यावर आला, मॅडम. हाडकला हुता. म्हनला, आये, रडू नगंस, पोरगी दाव आदी. मी म्हनलं, थांब, उगड्या तोंडाची दावायची न्हाई, तीट लावतो. आन् काजळाची डबी घावंना. कोनाड्यात बगितली, पाळण्याखाली बगितली. त्यो आपला तिकडनं म्हनतोय, आये, येळ चाललाय गं, दाव की तशीच. घावली डबी. लावली तीट. पोर उचलून पडद्याम्होरं धरली, आन् त्यो तसाच थिजला. त्वांड हसरं, डोळं मिटल्यालं. मग पडदाच गेला.” त्यांनी दोन्ही तळहात पुढे केले. “चार मिंटं. आदीच उचलली आसती तर लेकरानं लेकरू बगून डोळं मिटलं आसतं. ह्या हातांनी घालवलं मी.”

बायका म्हणाल्या, असं म्हणू नये. रोहिणी पलीकडे बाळाला घेऊन भिंतीकडे तोंड करून पडली होती.

माझ्या तोंडाशी शब्द आले होते. काकू, तीट नव्हे, मी. चार शब्दांचं काम होतं. मी वर पाहिलं तर तात्या माझ्याकडे बघत होते. त्यांनी मान हलवली. फार थोडी, कुणाला कळणार नाही इतकी. नाही.

मी मान खाली घातली आणि चहा प्यायले.

फाटकापर्यंत पोचवायला ते बाहेर आले.

“सांगू नगा, मॅडम,” ते म्हणाले. “मी चोरून तार वडली आन् तुमी तोडली, आसं कळलं तर ती दोगांस्नी जलमभर माफ करायची न्हाई. तुमी जाशीला बदलून. मला तिच्यासंगं ऱ्हायाचं हाय.”

“पण त्या स्वतःला दोष देतायत, तात्या.”

“चार दिस म्हनंल. बाईमानूस हाय, इसरंल.”

मला आतून सुटल्यासारखं वाटलं. हे सांगायला लाज वाटते, पण वाटलं खरं. माझं ओझं एका घरच्या माणसानेच माझ्या डोक्यावरून उतरवलं होतं. आता ते कुणाच्या डोक्यावर ठेवलंय, हे मी वळून पाहिलं नाही.

गुरुवारच्या त्या प्रकारानंतर काकूंनी आपला हट्ट सोडून बाळाचा फोटो काढू दिला होता आणि तात्यांनी तो पाकिटातून आफ्रिकेला धाडला होता. दोन महिन्यांनी ते पाकीट परत आलं. कुणी फोडलेलं नव्हतं. तात्यांनी मला ते दाखवलं आणि खिशात ठेवलं. त्यानंतर माझी बदली होईपर्यंत, अडीच वर्षं, आम्ही एकाच खोलीत काम केलं. खांबांबद्दल बोललो, तारांबद्दल बोललो. सतरा हा आकडा दोघांपैकी कुणी उच्चारला नाही.

गेल्या वर्षी खात्याने जुन्या तांब्याच्या लाइनी काढायचं ठरवलं. घरोघरी काचेच्या तारा आल्या होत्या. मोरखिंडचा रॅक मोडीत काढायच्या कागदांवर सही करायला अधिकारी म्हणून मलाच पाठवलं. सोळा वर्षं झाली होती. मनगटाला पट्टा न बांधताच माणसं कार्डं ओढून काढत होती आणि पोत्यात टाकत होती. तिसऱ्या खाचेतलं कार्ड मी मागून घेतलं. ते शेवटपर्यंत चालू होतं म्हणे. एकदाही बिघडलं नाही.

“शिंगटे तात्या कसे आहेत?” मी तिथल्या माणसाला विचारलं.

“तात्या? त्यास्नी जाऊन दोन वर्सं झाली की, मॅडम.”

मी माळवाडीला गेले. घराला नवा रंग होता. काकू ओसरीवर शेंगा फोडत बसल्या होत्या, डोळ्यांना जाड चष्मा. त्यांनी मला आवाजावरून ओळखलं. रोहिणी अंगणवाडीत कामाला गेली होती. आतून एक सोळा वर्षांची मुलगी पाणी घेऊन आली. सानिका. उंच, रुंद कपाळाची. हणमंतचा फोटो भिंतीवर होता, त्यामुळे कुणी सांगायची गरज नव्हती.

“शेजारी बारसं हाय, जा तू,” काकू तिला म्हणाल्या.

“तू पण चल की आजी.”

“मी न्हाई येत.”

सानिका माझ्याकडे बघून हसली. “आजी कुणाच्याच बारशाला जात नाही. तान्हं बाळ दिसलं की उठून आत जाते. आमच्या घरात तर काजळाची डबीसुद्धा नाही. मला लहानपणी कधी तीट लावली नाही, सगळे विचारायचे.”

ती गेली. काकूंनी शेंगा फोडणं थांबवलं नाही. सोळा वर्षं झाली होती, चार दिवस नाही. बाईमाणूस विसरलं नव्हतं.

“काकू,” मी म्हटलं, “त्या दिवशी लाइन तिकडून तुटली नाही. मी तोडली.”

हात थांबले.

मी सगळं सांगितलं. सतरा नंबर, दोन किलोमीटर, चेअरमन, कुलूप, तात्यांनी उपटलेली वायर. फोन टेबलावर होता, हेही सांगितलं. काही झाकलं नाही.

“तुमी,” काकू म्हणाल्या.

“मी.”

“म्हंजे माजी तीट न्हवं.”

“नाही काकू. तीट नव्हती. वेळ होता अजून. पंधरा मिनिटांतली नऊ उरली होती.”

 मग त्यांच्या तोंडून एक आवाज आला, रडण्याचाही नाही आणि बोलण्याचाही नाही. सुपातल्या शेंगा अंगणात सांडल्या. मी पुढे झाले, तर त्यांनी हात वर करून मला तिथेच थांबवलं.

“ह्येंस्नी ठावं हुतं?”

“होतं. त्यांनीच सांगू नका म्हटलं होतं.”

“त्ये तर गेलं. त्येंस्नी आता काय इच्यारू?” त्यांनी चष्मा काढला आणि उघड्या डोळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. “आन् तवा मी हितंच बसून म्हनले. ह्याच भिताडाला. ह्या हातांनी घालवलं म्हनून. तवा तुमी ऐकलंसा.”

“हो.”

“ऐकून गप बसलासा.”

“हो, काकू.”

“लाइन कुनाची तोडली त्ये तुमाला ठावं नव्हतं, बाई. त्येचं मी काय म्हनत न्हाई. चुकी हुती मानसाकडनं,” त्या म्हणाल्या. “पर नात हुती माज्या घरात. सोळा वर्सं. तिला मी कवा नजर भरून बगितलं न्हाई. काजळाचं बोट लावलं न्हाई. तिचं त्वांड बगितलं की मला वाटायचं, मी बगतोय आन् त्येनं बगितलं न्हाई, माज्यापायी.”

मला खाली बसावंसं वाटत होतं, पण त्यांनी बस म्हटलं नव्हतं.

“शेवटाला आलासा सांगायला. पोरगी मोठी झाली.”

त्या भिंतीला धरून उठल्या आणि आत गेल्या. मला वाटलं, आता जावं. मी चपला घालत होते, तेवढ्यात त्या कप घेऊन बाहेर आल्या. कप कठड्यावर ठेवला, माझ्या हातात दिला नाही.

“केलाय. पिऊन जावा,” त्या म्हणाल्या आणि अंगणात बसून सांडलेल्या शेंगा एकेक करून वेचायला लागल्या.

मी उभ्या उभ्याच तो चहा प्यायले. तेव्हाही प्यायले होते.